पहिला पॉवर काइट : उडवण्याआधी थांबवायला शिका

वाचकांचे प्रश्न

पॉवर काइटविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. ज्यांनी हा पतंग पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. याला कामट्या नसतात. हा कापडाचा, शिवून कप्पे केलेला पंख असतो. पुढच्या काठावरच्या तोंडांतून वारा आत शिरला की कप्पे फुगतात आणि पंखाला आकार येतो. तो दोन, तीन किंवा चार दोऱ्यांनी हाताळला जातो आणि उडवणाऱ्याला चांगलेच ओढतो. खेळ आनंदाचा आहे, मात्र तो हाताशी नीट आला पाहिजे.

प्रश्न : माझे वय ४२ असून वजन ६८ किलो आहे. फलटणला नागपंचमीचे पतंग उडवतच मी मोठा झालो. मागच्या हिवाळ्यात गोव्यात मोरजीमच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग पाहिले आणि निदान जमिनीवर तरी असा पतंग हाताळावा असे वाटू लागले. माझ्या १४ वर्षांच्या मुलीलाही शिकायचे आहे. पुन्हा खर्च नको म्हणून एकदम चार चौरस मीटरचाच घ्यावा, असा सल्ला एका परिचितांनी दिला आहे. तो योग्य आहे का? दोऱ्या दोन असाव्यात की चार?
— एक वाचक, फलटण

उत्तर : आपल्या परिचितांनी खर्चाचा विचार केला, वाऱ्याचा केला नाही, म्हणून तो सल्ला कृपया बाजूला ठेवा. चार चौरस मीटरचा पतंग मंद वाऱ्यात सरावलेल्या माणसाच्या हाती गुणी वाटतो. पण वारा अचानक वाढला, तर तोच पतंग नवख्या माणसाला ढेकळांतून फरफटत नेऊ शकतो. याचे कारण साध्या गणितात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते; म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात जो पतंग दंडांना सुखद ताण देतो, तोच ताशी ३० किलोमीटरचा झोत आला की चौपट जोराने खेचतो. शिवाय पतंग आडवा धावू लागला की त्याला लागणारा वारा आपल्याला जमिनीवर जाणवणाऱ्या वाऱ्याहून कितीतरी अधिक असतो. तो तिप्पट झाला, तर ओढ नऊपट होते.

नागपंचमीच्या अनुभवाने आपला हात वाऱ्याला सरावलेला आहे, हे खरेच मोठे भांडवल आहे. फक्त एका बाबतीत तो अनुभव फसवतो. कागदी पतंगाची ओढ वाढली की आपण ढील देतो आणि चक्री भराभरा सुटते. पॉवर काइटला ढील नसते. दोऱ्यांची लांबी ठरलेली, बहुधा २० ते २५ मीटर, आणि वाढलेला सगळा जोर सरळ आपल्या खांद्यांवर येतो. म्हणून जोर कमी करण्याचे उपाय चक्रीऐवजी दुसरीकडे शोधावे लागतात. ते तीन आहेत : पतंग लहान ठेवणे, वारा बेताचा निवडणे आणि वेळ आली की सोडून देणे. यांतला पहिला उपाय खरेदीच्या वेळीच करायचा असतो.

आपल्या वजनाच्या माणसाने पहिला पतंग दीड ते दोन चौरस मीटरच्या पुढे नेऊ नये, आणि मुलीसाठी एक चौरस मीटरच्या आसपासचा पुरेसा आहे. दोघांत एकच घ्यायचा असेल, तर तो मुलीच्या मापाचा घ्यावा. लहान पतंग चपळ असतो, हाताच्या प्रत्येक चुकीला लगेच उत्तर देतो आणि त्यामुळे शिकवतोही जास्त. पुढे मोठा घेतला तरी हा लहान वाया जात नाही. वारा जरा जोराचा असेल त्या दिवशी तोच बाहेर काढावा लागतो.

इथे आकड्यांचा एक घोळ नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी अनेक जण चुकीची वस्तू मागवतात. काही उत्पादक पतंगाच्या नावापुढे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये देतात, तर काही जण फक्त रुंदी देतात. प्रिझम कंपनीच्या सिनॅप्स या पतंगापुढचा १७० हा आकडा रुंदीचे सेंटीमीटर सांगतो. २.२ मीटर रुंदीचा पतंग आणि २.२ चौरस मीटर क्षेत्रफळाचा पतंग यांत मोठा फरक आहे. लांबट पण अरुंद पोटाच्या पतंगाचे क्षेत्रफळ रुंदीच्या आकड्यापेक्षा बरेच कमी भरते. म्हणून विक्रेत्याला नुसते 'दोनचा द्या' असे न सांगता हा आकडा कशाचा आहे हे विचारावे, आणि त्या मापासाठी किती वाऱ्याची मर्यादा दिली आहे तेही पाहावे.

दोऱ्यांचे म्हणाल, तर आपण दोन दोऱ्यांपासून आरंभ करावा. दोन दोऱ्यांचा पतंग बैलगाडीच्या कासऱ्यांसारखा चालतो. उजवा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे, दोन्ही सारखे धरले की सरळ. तीन दोऱ्यांच्या पतंगाला बहुधा आडवा दांडा असतो आणि तिसरी दोरी केवळ सुरक्षेसाठी असते : दांडा हातातून सोडला की पतंग त्या तिसऱ्या दोरीला लटकून फडफडत खाली येतो आणि ओढ जवळजवळ संपते. ज्यांना पुढे काइटसर्फिंगकडे जायचे आहे, त्यांनी खर्च थोडा वाढला तरी हाच प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला जमिनीवरच थांबायचे असेल, तर दोन पुरेत. चार दोऱ्यांत मागच्या दोन दोऱ्या ब्रेकचे काम करतात. नियंत्रण उत्तम मिळते, पण एकाच वेळी चार गोष्टींकडे लक्ष देणे पहिल्या महिन्यात जमत नाही.

वापरलेला पतंग स्वस्तात मिळत असल्यास तो उजेडासमोर धरून शिवणींजवळची झीज पाहावी, कन्नीचे, म्हणजे पंखाला मुख्य दोऱ्यांशी जोडणारे, सगळे धागे एकेक करून बोटांतून न्यावेत आणि दोऱ्या एका खिळ्याला अडकवून, ताणून त्यांची लांबी जुळते का ते तपासावे. कापडाला लहान भोक असल्यास पट्टी लावता येते. कुजलेल्या कन्नीवर मात्र पैसे घालू नका.

हे सर्व ओझे वाटू देऊ नका. पतंगाच्या ओढीचे सामर्थ्य माणसाला फार पूर्वी कळले होते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. आज आपण वापरतो तो कामट्यांविना फुगणारा पंख अमेरिकेतील डोमिना जालबर्ट यांनी १९६० च्या दशकात घडवला, आणि पॅराग्लायडिंगचे छत्रही त्याच तत्त्वावर चालते. जे कापड पुरेसे मोठे केल्यावर माणसाला आकाशात तोलून धरते, त्याचेच लहान रूप आपण हातात घेत आहोत, एवढे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : आम्ही सातारा शहरात राहतो. पॉवर काइट आणला आहे, पण जागा ठरत नाही. कास, चाळकेवाडीची पवनचक्क्यांची बाजू किंवा पाचगणीचे टेबललँड यांपैकी कोणती जागा बरी? वारा योग्य आहे हे यंत्राशिवाय कसे ओळखावे?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : तिन्ही जागा मनात भरणाऱ्या आहेत आणि तिन्ही या कामाच्या नाहीत. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथल्या कातळावरच्या पातळ मातीत वाढणाऱ्या वनस्पतींवरून पतंगाच्या मागे धावणे हे आपल्यासारख्या साताऱ्याच्या माणसांनी तरी करू नये. चाळकेवाडीला वारा भरपूर आहे, म्हणून तर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पण जिथे पवनचक्की तिथे फिरती पाती आणि उच्च दाबाच्या तारा, आणि नवख्याला झेपणार नाही असा वारा. टेबललँडवर पर्यटक आणि घोडे असतात, आणि आकाशात पॅराग्लायडरही दिसतात. कराडच्या धावपट्टीचा परिसरही विमानांमुळे टाळावा.

आपल्या जिल्ह्यात खरी चांगली जागा पूर्वेकडे आहे. खटाव आणि माणमधली सपाट माळराने, किंवा रब्बीची काढणी झाल्यावर मोकळी पडलेली शेते, मालकाची परवानगी घेऊन वापरावीत. ऊस उभा असलेल्या शेताशेजारी नको. दोऱ्या उसात गेल्या की अर्धा दिवस जातो आणि पाचटाने कापड फाटते. वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे पतंग ज्या बाजूला राहील त्या बाजूला, दोऱ्यांच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतरापर्यंत माणूस, गुरे, रस्ता, काहीही नसावे. विजेची तार तर कुठल्याच बाजूला जवळपास नसावी. पतंग तारेत अडकलाच, तर हातातले तत्काळ सोडून दूर व्हा, दोरी ओढून पाहू नका, काठी घालू नका, आणि १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवा. पतंग पुन्हा विकत घेता येतो.

माळावर आणखी एक गोष्ट पाहायची असते, जी किनाऱ्यावर शिकणाऱ्यांना कधी सांगावी लागत नाही. पतंग उचलताना आपण पाठीमागे पावले टाकत जातो आणि नजर वर असते. आपल्याकडे शेतात बिनकठड्याच्या विहिरी आहेत, प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत, ताली आहेत. उडवण्याआधी त्या जागेची पायी एक फेरी मारलीच पाहिजे, आणि ती जोडीदारासह मारावी, म्हणजे दोघांनाही धोक्याच्या जागा ठाऊक होतात.

वारा ओळखायला यंत्र असले तर उत्तम, नसले तरी अडत नाही. गावच्या देवळाच्या कळसावरचा भगवा सरळ फडकत असेल आणि कडुनिंबाची पाने, बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर वारा साधारण ताशी १२ ते १९ किलोमीटर आहे. शिकायला हाच हवा. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की वारा २० च्या पुढे गेला. तिथे पहिल्या महिन्यात पतंग गुंडाळावा. लहान झाडे अंगासकट डोलू लागली, तर पिशवी उघडूच नका.

वेगाइतकाच महत्त्वाचा आहे वाऱ्याचा सारखेपणा. झाडी, इमारत किंवा टेकडी ओलांडून येणारा वारा मोडलेला असतो. अडथळा १० मीटर उंच असेल, तर त्याच्या मागे १०० मीटरपर्यंत तरी वाऱ्याचा भरवसा धरू नये. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वारा कधी पाठीवर तर कधी तोंडावर येतो, हे आपण अनुभवले असेलच. ऋतूंचा विचार केला, तर पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा जोरकस आणि झोतांचा असतो. मार्च ते मे या काळात दुपारी जमीन तापून वावटळी उठतात आणि वळिवाच्या आधी सुटणारा वारा काही मिनिटांत भयंकर रूप घेतो. ढग काळवंडले की पतंग खाली, मग विजेची वाट पाहायची नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली उतरती दुपार मला सर्वांत विश्वासाची वाटते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. मित्राच्या पॉवर काइटवर पहिल्याच दिवशी मला दहा-पंधरा फूट ओढत नेले आणि गुडघे फुटले. पुन्हा उडवायची इच्छा आहे, पण भीती बसली आहे. शिवाय तो पतंग सारखा डावीकडे वळून गोता खात होता. माझे काय चुकले?
— एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : भीती बसली यात कमीपणा नाही. तुम्हाला उडवणे दाखवले गेले, थांबवणे दाखवले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि दोन्ही हात बाजूंना पसरा. तुमच्यासमोर डाव्या हातापासून डोक्यावरून उजव्या हातापर्यंत अर्ध्या घुमटासारखी जी कमान होते, तिला विंड विंडो म्हणतात, आणि पतंग तिच्यातच फिरतो. घड्याळ कल्पा : डोक्यावर १२, डाव्या हाताला ९, उजव्या हाताला ३. या कडांवर पतंग शांत असतो. समोर, मध्यभागी आणि खाली, तो सर्वांत जोराने ओढतो. तुम्ही वर्णन केले त्यावरून पतंग नेमका मध्यात धावत खाली आला असावा, आणि घाबरून तुम्ही दोन्ही हात डोक्यावर नेले असावेत. जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. हात वर गेले की शरीराचा तोल पुढे जातो आणि पाय सुटतात. हात कमरेपासून छातीपर्यंतच ठेवावेत, कोपरे अंगाशी, गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचांवर.

आता थांबवण्याचा सराव. पतंग जमिनीवर असतानाच मनगटाचे पट्टे चढवून ते एका झटक्यात काढून टाकण्याची दहा वेळा सवय करा. पट्टे मनगटावर आवळून कधीही बांधू नका. दोन दोऱ्यांच्या पतंगाचा एका हाताचा पट्टा सोडला, तर तो उरलेल्या दोरीवर फडफडत पडतो आणि जोर ओसरतो. तेवढा विचार सुचला नाही, तर दोन्ही सोडा. पुढची जागा मोकळी ठेवायची ती यासाठीच. त्यानंतर बेताच्या वाऱ्यात पतंग १२ वर नेऊन तिथेच धरून ठेवा, मग हळूच ९ किंवा ३ कडे नेऊन जमिनीवर टेकवा. हे वीस वेळा न चुकता जमेपर्यंत मध्यातून आडवा धाववू नका. हा सराव कंटाळवाणा वाटेल, पण भीती नेमकी इथेच जाते, कारण पतंग आपल्या मनाप्रमाणे उतरतो हे हाताला पटते. पुढे तो एकाच दिशेने गोल फिरवायला घेतलात, की दोऱ्यांना पीळ पडेल. चार-पाच पिळांनी काही बिघडत नाही, उलट दिशेने तेवढेच फेरे दिले की पीळ सुटतो.

डावीकडे वळण्याचे कारण बहुधा दोऱ्यांची असमान लांबी हे आहे. डावी दोरी उजवीपेक्षा एखाद-दोन इंच आखूड असली, तरी पतंग सारखा डावीकडे जातो, जणू कोणी डावा कासरा धरून ठेवला आहे. दोन्ही ताणून मापा आणि लांब दोरीच्या टोकाची गाठ सरकवून जुळवा. ते बरोबर निघाले, तर कन्नीचा एखादा धागा कप्प्याभोवती अडकला आहे का पाहा.

एक गोष्ट माझ्या हातावरच लिहिलेली आहे, म्हणून सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत कोरेगावच्या बाजूला एका शेतात पतंग डोक्यावर उभा असताना मी दोरीतली गुंतावळ सोडवायला उजव्या तर्जनीभोवती तिचा एक वेढा घेतला. झोत आला. दोरी क्षणभरच ताणली गेली असेल, पण ती कातडी चिरून आत गेली, आणि सुई-दोऱ्याने शिवलेली ती पांढरी रेघ आजही पेरावर आहे. ताणलेल्या दोरीला हात लावायचा नाही, बोटाभोवती, मनगटाभोवती गुंडाळायची नाही, आणि ती अंगाला, झाडाला किंवा मोटारसायकलला बांधायची नाही. गुंता सोडवायचा तर आधी पतंग जमिनीवर आणावा आणि त्याच्या मागच्या काठावर मातीची पिशवी ठेवावी. अर्धी भरलेली दळणाची पिशवी पुरते. दगड ठेवू नये, कापड घासते. डोक्याला हेल्मेट आणि पायांत बंद बूट असू द्या. आणि उड्या मारण्याचा मोह सध्या पूर्णपणे दूर ठेवा. पतंगाने उचलले की खाली कसे यायचे हे आपल्या हातात राहत नाही आणि माळाची जमीन कठीण असते.

प्रश्न : पतंगासोबत आलेली एक दोरी तुटली. तिच्याऐवजी बाजारातला मांजा किंवा मासेमारीची नायलॉन दोरी चालेल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : कोणतीही चालणार नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, आणि पक्ष्यांचे, दुचाकीस्वारांचे गळे त्याने कापले गेल्याच्या बातम्या आपण दर संक्रांतीला वाचतो. काचेचा साधा मांजाही इथे धोक्याचाच. नायलॉन ताणले की लांबते, त्यामुळे हात ओढला तरी हुकूम पतंगापर्यंत उशिरा पोहोचतो. पॉवर काइटच्या दोऱ्या डायनीमा या धाग्याच्या असतात. त्या जवळजवळ लांबत नाहीत आणि एकमेकींवर सहज घसरतात. मात्र उष्णतेपुढे त्या दुबळ्या असतात, त्यामुळे आपली दोरी दुसऱ्याच्या दोरीवर किंवा कागदी पतंगाच्या मांजावर घासली की लगेच तुटते. नागपंचमी-संक्रांतीच्या दिवसांत पॉवर काइट घरीच ठेवावा, तो याही कारणासाठी.

नव्या दोऱ्या जोडीनेच घ्याव्यात, एक जुनी आणि एक नवी नको. लांबी जुळत नाही. तुटलेल्या जागी नुसती गाठ मारू नये, कारण गाठीपाशी हा धागा बराच कमजोर होतो. तसेच दर वेळी पतंग गुंडाळण्याआधी कप्पे उलटे झटकून माती काढा आणि कन्नी हाताने चाचपा. आपल्या भागात हिवाळ्यानंतर सराटे सर्वत्र असतात. कन्नीत राहिलेला एक काटा घडीत दाबला गेला, तर पुढच्या वेळी पतंग उघडेपर्यंत त्याने कापडाला चार भोके पाडलेली असतात.